ग्यानबाचं आवतन

कोवळा हुरडा कुणासाठी थांबत नाही. आठवडाभरात दाणा टणक होतो आणि त्याची नुसती ज्वारी उरते. सोनपेठजवळच्या शीलाला याचाच घोर लागला होता. नवऱ्याच्या, रंगनाथच्या मागे लागून तिनं एक पट्टा खास हुरड्यासाठी पेरून घेतला होता. हुरडा पार्टीचा धंदा चालला तर ठीक, नाही तर पुढच्या साली तिथं हरभरा, असं ठरलेलं.

इन्स्टाग्रामवर तिनं झगमगीत जाहिराती टाकल्या. सोनेरी अक्षरं, सिनेमाचं गाणं, खाली दर. लाइक आले ते सगळे माहेरच्या मैत्रिणींचे. माणूस एक फिरकला नाही.

"समदं चकाचक हाय," रंगनाथ म्हणाला, "पर ह्यात आपलं शेत कुठं हाय?"

शीलाला राग आला, कारण त्याचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा सासरा, ग्यानबा, बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजत बसला होता. शीलानं गुपचूप मोबाइल धरला. निखाऱ्यातलं कणीस तळहातावर चोळता चोळता म्हाताऱ्याला मोबाइल दिसला, तर तो त्यालाच म्हणाला, "बघायलाव काय नुसतं? या की हुरडा खायला. शेत तुमचंच हाय."

शीलानं तेवढंच टाकलं. ना गाणं, ना दर. परभणीपासून पूर्णेपर्यंत लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. रस्ता कसा, सावली आहे का, लेकरं आणली तर चालतील का, शीला एकेकाला उत्तर देत बसली.

रविवारी बांधावर गाड्यांची रांग लागली. शीलानं घरून जेवणाची पातेली आणली आणि बाभळीला पैशांचा क्यूआर कोड टांगला. ग्यानबानं तो काढला, खाली ठेवला आणि त्यावर बसला.

"मामा, उठा. लोक पैसे द्यायलेत."

"हुरड्याचे पैसे? आपल्या खानदानात कुणी घेतले न्हाईत. म्या बलावलंय त्यांना."

म्हातारा हलेना. पट्टा डोळ्यांदेखत संपत चालला होता आणि हाती दमडी नव्हती. शीलाला रडू फुटायचंच बाकी होतं. पण शब्द म्हाताऱ्याचा असला तरी तो जगभर नेला होता तिनंच. तो मोडला असता, तर पुन्हा कुणी तिच्या इन्स्टाग्रामच्या पानाकडे ढुंकून पाहिलं नसतं.

तिनं मोबाइल समोर धरला आणि लाइव्ह सुरू केलं. "हुरडा आमच्या मामांचा. पोटभर खा, पैसे नकोत. भाकरी, भरीत, ठेचा, दही मात्र माझ्या चुलीवरचं. त्याचे पैसे लागतील, आणि पुढच्या येळंला आधी कळवून यायचं."

"मग आमची ताटं आत्ताच वाढा," पूर्णेहून घरच्यांना घेऊन आलेली राजेश्री म्हणाली.

बघता बघता पातेली रिकामी झाली आणि ताटांचे पैसे शीलाच्या मोबाइल नंबरवर जमा झाले. क्यूआर कोडवर मांडी घालून बसलेला ग्यानबा पाहुण्यांनीच आपापल्या मोबाइलवरून गावोगाव पोचवला. दाणा टणक व्हायच्या आत पट्ट्यावरचं शेवटचं कणीस भाजलं गेलं, आणि भाकऱ्या थापायला शीलानं शेजारच्या सुमनबाईंना हाताखाली घेतलं. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"आन हरभरा?" रंगनाथनं हळूच विचारलं.

"त्यो बी पेर," ग्यानबा म्हणाला. "हुळा भाजून घालू लोकांला. पर त्याचे बी पैसे घ्यायचे न्हाईत, सांगून ठेवतो."

शीलानं हसत मोबाइल वर धरला.

"मामा, हेच आता इकडं बघून म्हणा."