रफूगाराच्या टॅबला न दिसलेली चंद्रकळा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. किती जुना, ते माझ्या कोपऱ्यावरच्या चिकटपट्टीला विचारा. माझ्या वयाचे बहुतेक टॅब आता कपाटाच्या वरच्या खणात, निकामी चार्जरांच्या गुंत्यात पडून आहेत. मी मात्र अजून रोज कामावर जातो. पुण्यात रविवार पेठेत, कापडाच्या दुकानांमागच्या एका बोळात माझी नोकरी आहे. माझे मालक दादामियाँ तिथे रफूचं काम करतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माझ्यासारखेच हजारो भाऊ ओळीने पुढे सरकत होते. मला काच बसवली, कॅमेरा बसवला आणि खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते दादामियाँच्या घरी. तेव्हा शाळांना कुलपं होती आणि वर्ग पडद्यावर भरत होते, म्हणून नात उम्मेहानी हिच्यासाठी मला आणलं होतं. दोन वर्षं मी तिची शाळा झालो. मग शाळा उघडल्या आणि मी बेकार झालो.

मला पुन्हा कामाला लावलं ते दादामियाँच्या डोळ्यांनी. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि उजव्याचं व्हायचं होतं. रफू म्हणजे साधं शिवणं नव्हे. त्याच कापडाच्या आतल्या कडेतून धागे काढायचे, भोकावर आधी उभे घालायचे, मग आडवे विणायचे, आणि भोक होतं ही गोष्टच पुसून टाकायची. दुकानाबाहेर त्यांनी पाटी लावली आहे : 'रफू केलेली जागा सापडल्यास कापड परत आणावे. न सापडल्यास विचारायला येऊ नये.' अशी पाटी लावणाऱ्या माणसाला भिंगातूनही धागा पुसट दिसू लागला, तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच ठरवा.

उम्मेहानीने त्यांना एक युक्ती शिकवली. रोज पाच वाजता सुई खाली ठेवायची, दिवसभराच्या कामाचा माझ्या कॅमेऱ्याने छोटा व्हिडिओ काढायचा आणि तो माझ्यावर मोठा करून बघायचा. फोटो चालत नसे. कापड उजेडात थोडं कलतं केलं की चुकलेला धागा उठून दिसतो, आणि तो हलत्या चित्रातच दिसतो. माझं पोट लहान असल्यामुळे तपासून झालं की तो व्हिडिओ पुसून टाकायचा. चार वर्षं हेच चाललं. काम हात करत होते आणि तपासणी मी करत होतो. गिऱ्हाइकांसमोर दादामियाँ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही. माणसांसारखा नाही." मला ते फार आवडायचं. आता वाटतं, इतकं आवडायला नको होतं.

गेल्या डिसेंबरात दुकानात पूर्णिमा आली. ती मूळची यवतमाळची. नोकरीसाठी पुण्यात आली, वैशाखात लग्न झालं आणि आता शहराबाहेर मांजरी गावातल्या नव्या इमारतींमध्ये राहते. तिने पिशवीतून एक रेशमी चंद्रकळा काढली. चंद्रकळा म्हणजे काळी साडी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात आणि हलव्याचे दागिने घालतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ही साडी पूर्णिमाच्या आईची होती, आणि आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. लोखंडी पेटीच्या कडीत अडकून पदराजवळ रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"चाचा, दोन दुकानांत दाखवली. म्हणाले, आता हिचे उशीचे अभ्रे शिवा," पूर्णिमा म्हणाली. "मला ही संक्रांतीला नेसायचीय. आई असती तर तिनेच नेसवली असती."

दादामियाँनी कापड बोटांत घेतलं आणि दोनदा चुरगाळून सोडलं. "काळ्यात काळा दोरा, आणि रेशीम थकलेलं. उशीचे अभ्रे त्यांनाच शिवू द्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी या."

याच सुमारास माझं नशीब फिरलं. कात्री टेबलावरून घसरली ती नेमकी माझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर. काच फुटली आणि मला व्हिडिओ काढता येईना. उम्मेहानी म्हणाली, "काही हरकत नाही दादा, मी माझ्या फोनवर काढून टॅबवर पाठवत जाईन." तिला नुकताच नवा फोन मिळाला होता. ती आता कॉलेजात आहे आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते.

जानेवारीची आठ तारीख होती. उभे धागे भरून झाले होते, आडवे अर्धे झाले होते. उम्मेहानीने खिडकीशी साडी धरली, फोनवर व्हिडिओ काढला, स्वतःच्या फोनवर बघितला आणि म्हणाली, "मस्त दिसतंय, दादा!" तिने तो मला पाठवला आणि ती शिकवणीला पळाली.

दादामियाँनी मला समोर घेतलं. व्हिडिओ सुरू झाला. खिडकीचा उजेड दिसला, जरीचा काठ मंदसा दिसला, आणि मधे नुसता काळा डाग. धागे दिसेनात. भोकसुद्धा दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, मग मला पुसलं. माझा उजेड शेवटपर्यंत वाढवला. तरी काही दिसेना.

मित्रांनो, दोष माझा होता, आणि तो मला कळत होता. नवे फोन ज्या पद्धतीने व्हिडिओ काढतात तिला एचडीआर म्हणतात. त्यात खूप उजळ आणि खूप काळोख्या अशा दोन्ही गोष्टी एकाच चित्रात नीट साठवता येतात. उजेड मोजायचं माप असतं, त्याला निट म्हणतात. त्या व्हिडिओचं म्हणणं होतं, खिडकी हजार निटने उजळा, जरीची चमकही तशीच दाखवा. नव्या फोनच्या पडद्याकडे एवढा उजेड राखून ठेवलेला असतो. माझी धाव साडेतीनशेपर्यंत. हजारांचं चित्र साडेतीनशेत बसवायचं तर सगळंच खाली ओढावं लागतं. हे काम सांभाळून करायची अक्कल नव्या यंत्रांना असते; मी जुना, मी सरसकट ओढलं. खिडकी बसली, जरी बसली, आणि जी साडी आधीच सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली होती, ती पायरीखाली गेली. माझा उजेड वाढवूनही उपयोग नव्हता, कारण तो अगोदरच संपला होता.

हे दादामियाँना कसं कळावं? त्यांनी आपला हिशोब मांडला. नातीला मस्त दिसतं, मला काही दिसत नाही, आणि टॅब तर खोटं बोलत नाही. म्हणजे डोळे गेले. नातीने बघितलं तो पडदा वेगळा आणि आपण बघतोय तो वेगळा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यावर त्यांनी बातम्या उघडून पाहिल्या. अक्षरं दिसत होती. पण अक्षरं काय, मोठीच असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यांनी सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचल्या, तुकडा गुंडाळला आणि खणात ठेवून दिला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उम्मेहानी आली तेव्हा "आज काही काम झालं नाही" म्हणून तिला परत पाठवलं. मग पूर्णिमाला फोन केला. "साडी घेऊन जा. माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच बोलले. पन्नास वर्षं सुई धरलेला माणूस त्या संध्याकाळी रिकामे हात मांडीवर ठेवून बसला होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ते नव्हतं, याचं मला तेव्हा जितकं वाईट वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं.

दहा तारखेला पूर्णिमा अर्धी रजा टाकून आली. बसने स्वारगेट आणि तिथून चालत. संक्रांत चार दिवसांवर आली होती. साडी घडी करून, कागदात बांधून तयार होती.

"चाचा, झालं काय?"

"नजर गेली," दादामियाँ म्हणाले. "खोटं वाटत असेल तर हे बघा." त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं. तो व्हिडिओ त्यांनी पुसला नव्हता.

पूर्णिमाने बघितलं. मला वर केलं, खाली केलं, तिरकं केलं. "चाचा, यात तर साडीच दिसत नाहीये."

"तेच तर सांगतोय."

"अहो, तुम्हाला नाही. मला दिसत नाहीये. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, चष्मा नाही. मग माझीही नजर गेली का?"

दादामियाँनी मला पुन्हा आपल्याकडे वळवून बघितलं. मग हळूच विचारलं, "तुम्हालाही दिसत नाही?"

"कोळसा दिसतोय."

तेवढ्यात कॉलेजातून उम्मेहानी आली. पूर्णिमाने तिला सगळं सांगितलं. उम्मेहानीने तोच व्हिडिओ फोनवर लावला आणि फोन माझ्याशेजारी ठेवला. फोनवर एकेक धागा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. माझ्यावर अमावस्या. दादामियाँ एकदा तिकडे बघत, एकदा इकडे.

"दादा, दोन दिवस तुम्ही हे मनात ठेवलंत? मला का नाही विचारलं?" उम्मेहानीचा आवाज रडवेला झाला होता.

"तूच म्हणालीस ना, मस्त दिसतंय?"

"माझ्या फोनवर! नव्या फोनमध्ये एचडीआर आपोआप ऑन असतं. टॅब जुना आहे, त्याला ते झेपत नाही. मी टॅबवर एकदा बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

झेपत नाही, हे शब्द मला लागले. पण ते खरे होते. दादामियाँनी मला हातात घेतलं. आता हे मला भंगारात टाकणार, असं वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा डोळा ठीक आहे. मोतीबिंदू याचा पिकलाय." आणि तिघंही हसली. ती थट्टा माझी होती, तरी मला हायसं वाटलं.

उम्मेहानीने फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद केला. कागद सोडला, साडीची घडी उलगडली, खिडकी मागे येणार नाही अशा बेताने साडी धरली आणि पुन्हा व्हिडिओ काढला. या वेळी व्हिडिओ माझ्या आवाक्यातलाच उजेड मागत होता. काळ्या रेशमाच्या काळ्या रेषा एकेक करून वर आल्या. दादामियाँनी चित्र मोठं केलं, नाक माझ्या काचेला लागेल इतके जवळ आले आणि एकदम ओरडले, "हा बघा! हा दोन धाग्यांवरून गेलाय. चुकलोय मी!" आपली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी खणातून फ्लॅनेल काढलं. पूर्णिमाकडे न बघताच म्हणाले, "तेराला या. आणि आता उजेडातून बाजूला व्हा."

तेरा तारखेला ती आली. उम्मेहानीने व्हिडिओ काढला आणि तो आधी माझ्यावर स्वतः बघितला, मग दादामियाँना दिला. त्यांनी पदराचा तो भाग मोठा केला. कापड कलत होतं, सरळ होत होतं. इकडे पूर्णिमा खऱ्या पदरावरून बोट फिरवत होती आणि बोट कुठेच थांबत नव्हतं.

"काहीच दिसत नाही," दादामियाँ म्हणाले. पाच दिवसांपूर्वी त्यांना माझ्यात काहीच दिसलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सुया गुंडाळून ठेवल्या होत्या. आज ते हे गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते.

पूर्णिमाचे डोळे भरून आले. ते पुसून तिने बाहेरच्या पाटीकडे बोट केलं. "म्हणजे आता मी परत यायचं नाही ना?"

"तिळगूळ घेऊन आलात तर चालेल."

संक्रांतीच्या दिवशी ती आली. आईची चंद्रकळा नेसून, हलव्याचं मंगळसूत्र घालून. तिने दादामियाँच्या हातावर तिळगूळ ठेवला. एक दाणा माझ्या काचेवर सांडला, तो उम्मेहानीने उचलून खाल्ला.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकेन असं नाही. तोवर माझं एकच मागणं आहे. जुन्या यंत्राला काम सांगा, पण त्याला झेपेल एवढंच सांगा, आणि त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पडद्यासमोर बसून पुन्हापुन्हा चष्मा पुसताना दिसलं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तोच पडदा तुम्हीही बघा. दादामियाँनी 'तुला दिसतंय का?' हा एवढासा प्रश्न दोन दिवस गिळून ठेवला होता, आणि तेवढ्यात एका आईची साडी उशीचा अभ्रा व्हायला निघाली होती.