धाकटीचे व्हिडिओ

धाकटीचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला, हे मला तिने नाही, दूधवाल्याने सांगितलं. "तुमची बहीण मोठी झाली की," म्हणाला. वर आणखी, "ऐकताना तुमचीच आठवण येते." हा टोमणा ऐकून मी दार लावलं.

मोठी मी आहे. बावीस वर्षं मी प्रार्थनागृहातर्फे आजारी माणसांच्या घरी जाते, उशाशी बसते, प्रार्थना म्हणते. जिने चढून चढून माझे गुडघे गेले. आणि ही बया स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवते, प्रार्थनागृहाचं नाव लावून तीन मिनिटं बोलते, आणि चाळीस हजार! माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू. तिचा प्रत्येक व्हिडिओ मी लावायचे. अर्ध्या मिनिटात डोक्यात तिडीक जायची आणि बंद करायचे.

दर मंगळवारी मी शिंपीकाकांकडे जाते. अर्धं अंग लुळं पडल्यापासून सात वर्षं ते खिडकीजवळच्या खाटेवर आहेत. शिलाई मशीनवर आता त्यांची औषधं असतात. त्या मंगळवारी गेले, तर काकांच्या हातात फोन आणि फोनमध्ये आमची धाकटी.

"बसा ताई, एवढं संपू दे," काका म्हणाले.

माझ्या नेहमीच्या खुर्चीत मी ताटकळत बसले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "देवा, दुखणं जावंच असा हट्ट नाही, पण एकटेपण तेवढं घेऊन जा."

हे वाक्य माझं. याच खाटेपाशी, काका पडले त्या पहिल्या महिन्यात मला सुचलेलं. तेव्हा ती माझी पिशवी धरून दाराशी उभी असायची. मी काकांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"डोळ्यांना त्रास होतो काका."

"थोडंच राहिलं होतं," ते म्हणाले.

तिथून मी तडक प्रार्थनागृहाच्या प्रमुखांकडे गेले. धाकटी माझे शब्द चोरते आणि स्वतःच्या नावावर खपवते, असं स्पष्ट सांगितलं. प्रमुखांना फोनवर बोलण्यापलीकडे फोनमधलं काही कळत नाही. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुम्ही नीट पाहिलेत ना व्हिडिओ?"

"सगळे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. ती भांडणार म्हणून मी पदर खोचूनच बसले होते. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू आला, "ताईला नको असतील तर काढते." संध्याकाळपर्यंत एकही व्हिडिओ उरला नाही. मी पोटभर जेवले. बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"धाकट्या ताईंचं बंद पडलं हो. तुम्ही मंगळवारी येता. बाकीचे सहा दिवस मी तेच लावायचो."

"मी आहे ना," म्हणत मी खुर्ची पुढे ओढली आणि बावीस वर्षांत ओतला नसेल इतका जीव ओतून प्रार्थना म्हटली. काका डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"झालं काका."

"शेवटचं राहिलं."

"शेवटचं कोणतं?"

"प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्या म्हणायच्या ते. 'ही प्रार्थना माझ्या ताईची. मी नुसती तिची पिशवी धरून उभी असायचे.' तेवढं ऐकलं की वाटायचं, तुम्हीच येऊन गेलात." आता त्यांनी डोळे उघडले. "तुम्ही तर सगळे पाहिले असतील."

पिशवी माझ्या मांडीवर होती. तिचे बंद मी दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"सगळे," मी म्हणाले.