बिननावाची प्रत

“हा माणूस फार घाबरट आहे हो,” बायको म्हणाली आणि तिने चष्मा कपाळावर सरकवला.

दुपार होती. पडद्यातून आलेला उजेड जमिनीवर पाण्यासारखा हलत होता आणि आमची खोली त्यावर तरंगते आहे, असं मला उगाच वाटत होतं. शाळेतल्या वरच्या वर्गांना कलन, म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टींचं गणित, शिकवण्यासाठी नवं पुस्तक निवडायचं होतं. काम माझ्याकडे आलं. माझा माझ्या मतावर कधीच भरवसा नसतो. म्हणून निवडीला आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी बायकोला वाचायला देतो. तिचं आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलं. गणिताशी छत्तीसचा आकडा. तिची पेन्सिल कुठे अडते, ते मी बघत बसतो.

“घाबरट कशावरून?”

“अहो, दर दोन ओळींनी विचारतो, समजलं ना? समजलं ना? मला विचार म्हणून करू देत नाही. पेशंटला चमच्यानेच भरवत राहिलं तर तो हाताने जेवणार कधी?”

“आणि हे दुसरं?”

“हे जरा खडूस आहे. टाकी गळतेय, आत्ता या क्षणी किती वेगाने, एवढं विचारून गप्प बसलंय. मी अडलेच. मग सलाईन आठवलं. आधी मिनिटभराचे थेंब धरले, मग दहा सेकंदांचे, मग दोन थेंबांमधला वेळ...” तिची नजर कुठेतरी लांब गेली. “अगं बाई! म्हणजे हे मला येतच होतं की!”

तिचा चेहरा इतका उजळलेला मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

पहिलं पुस्तक माझं होतं. शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून मी ते एकवीस वर्षं लिहीत होतो. निवडलं तर शाळा छापणार होती. नाव न घालता टंकलेली प्रत मीच गठ्ठ्यात सरकवली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगावं असं ओठांपर्यंत आलं.

“चहा टाकू का?” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी माझा अहवाल वाचला. बिननावाच्या प्रतीपुढे मी लिहिलं होतं : ‘तळमळ आहे. मुलांना चुकायला जागा नाही.’

“नक्की ना, सर? नाहीतर दुपारी याल बदलायला.”

“या वेळी नक्की.”

बाहेर कारकून नाकारलेली पुस्तकं परत पाठवण्यासाठी बांधत होता. “याच्यावर पत्ताच नाही, सर. कुठल्या महाभागाचं आहे कोण जाणे!”

“द्या, मी पोहोचवतो.”

“ओळखीचा आहे?”

“थोडाफार.”

त्याने सुतळीची गाठ आणखी एकदा आवळली आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. मधली सुट्टी संपली होती. मुलं हसत, धापा टाकत जिन्याने वर येत होती. मी गठ्ठा छातीशी धरला आणि ती सगळी जाईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो.