कानशीचा कीस

"परात जरा उजेडाला घ्या मामा. वच्छलाबाईंनाही दिसू द्या," भूषण म्हणाला.

उखर्डूने परात दाराकडे सरकवली. जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळात त्याचं दोन खोल्यांचं घर, आणि धंदा झारेकऱ्याचा. कारागिरांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, धुवायचा आणि तळाशी उरलेल्या सोन्याच्या कणांवर पोट भरायचं. नाव उखर्डू आणि पोट उकिरड्यावर, अशी तो स्वतःचीच थट्टा करायचा. आज मात्र परातीत केर नव्हता. खाणीतल्या दगडाचा भुगा होता, आणि तो जावयाने, भूषणने, पहूरच्या घरून आणला होता.

भूषण आधी ठिबकच्या नळ्या विकायचा. आता एका खाणीचे हिस्से विकत होता. खाण दूर परदेशात. तिच्यात अँटिमनी नावाचा धातू निघतो, तो बॅटरीत लागतो, बंदुकीच्या गोळीत लागतो, चीनने हात आखडल्यापासून जगभर त्याची मारामार आहे, आणि त्याच दगडात सोनंही आहे, हे सगळं त्याचं चहा उकळेपर्यंत दोनदा सांगून झालं होतं.

शेजारच्या वच्छलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. नवरा एसटीत होता, तो दिवाळीत गेला. त्याचे आलेले पैसे बँकेत होते आणि त्यांचं म्हातारपण त्या पैशांवर होतं.

"भाऊ, त्या धातूनं माले काही समजत नही," त्या उखर्डूला म्हणाल्या. "तुम्हले सोनं समजस. तुम्ही हो म्हना, उद्याच पैसा भरी देस."

इतका भरवसा कोणी टाकला की उखर्डूला नेहमीच धडकी भरायची. त्याने पाणी ओतलं, परात गोल फिरवली. राखाडी गाळ हळूहळू वाहून गेला आणि तळाला पिवळी रेघ उमटली.

"दिसनं," वच्छलाबाई पुढे वाकून म्हणाल्या. "पिवळं दिसनं."

उखर्डूने त्यावर बोट टेकवलं आणि बोटाला चिकटलेले कण उजेडात धरले. खाणीतलं सोनं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण हे तो रोज पाहत होता. बारीक, कडेला वळलेले कण. दागिना कानशीने घासला की असा कीस पडतो. सोनं खरं होतं, ते दगडातून मात्र आलेलं नव्हतं. कोणीतरी ते भुग्यात मिसळलं होतं.

कंपनीवाल्यांनी मिसळून भूषणला गंडवलं असेल, तर जावई बुडाला. भूषणनेच मिसळलं असेल, तर मुलगी बुडाली. ती, पुनम, आत चहा गाळत होती. जावयाला परक्या माणसासमोर चोर ठरवायचं, तर पुनमने सासरी तोंड कसं दाखवायचं? आणि गप्प बसायचं, तर वच्छलाबाई उद्या बँकेत जाणार. त्याने परात खाली ठेवली.

"हाई सोनं नही," तो म्हणाला.

"मंग काय शे?"

"चमकणारा दगड शे, अक्का. दिसस पिवळा, पन सोनं नही. पैसा भरू नका."

आयुष्यात पहिल्यांदा तो सोन्याला सोनं नाही म्हणाला. मान वर करून त्याने भूषणकडे पाहिलं. जावयाने आता भांडावं, असं त्याला जिवापासून वाटत होतं. फसलेला माणूस भांडतो. पुन्हा धुवा म्हणतो, ॲसिड लावून बघा म्हणतो, तुम्हाला दिसत नाही म्हणतो.

भूषणने परात स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "असू द्या मामा. तुमचंच बरोबर असेल."

"बरं व्हयनं भाऊ, तुम्हले इचारं ते," म्हणत वच्छलाबाई उठल्या आणि चहा न घेताच घरी गेल्या.

"घरातलं घरातच राहू द्या," त्या गेल्यावर भूषण म्हणाला. आवाजात ना राग होता, ना लाज. उखर्डूला त्याचीच भीती वाटली.

चहा झाला. पुनम पिशवी घेऊन बाहेर आली.

"पोरी, दोन दिन ऱ्हाय ना."

"आते नको आबा. सासूबाई एकल्या शेत."

स्कार्फ बांधायला तिने हात वर केले. मनगटात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

"तुन्या पाटल्या कोठे शेत?" उखर्डूने विचारलं.

"ह्यांनी पॉलिशले दिन्यात," ती सहज म्हणाली.

बाप सराफ बाजारात बसलेला असताना पाटल्या पॉलिशला दुसरीकडे कुठे गेल्या? उखर्डूची नजर परातीतल्या पिवळ्या किसाकडे गेली. पुनम पाळण्यात होती तेव्हापासून केरातला एकेक कण बाजूला काढून त्याने त्या घडवून घेतल्या होत्या.

भूषणने गाडी सुरू केली. पुनम मागे बसली, आणि पडू नये म्हणून तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"येस मी, आबा."

"घट्ट धर, पोरी," उखर्डू म्हणाला.