लडकूचा टाक

देवराम मास्तर रोज एक चित्र काढायचा. रोज म्हणजे रोजच. ताप असो, सण असो, सकाळी शाळा भरण्याआधी कागदावर काहीतरी उतरलं पाहिजे. मुरबाडला त्याच्या ड्रॉइंगच्या गुरुजींनी बजावलं होतं, की हात बैलासारखा असतो, चार दिवस जुंपला नाही तर पाचव्या दिवशी जू बघून मान झाडतो. मास्तरने ते वाक्य गाठीला बांधलं. डोळखांबच्या पुढे डोंगरातल्या गावी त्याची बदली झाली, तेव्हा ट्रंकेत धोतरं दोन होती आणि चित्रांच्या वह्या अकरा.

गावात त्याचं चांगलंच फावलं. चिलीम ओढणारा कमळू, नाचणी पाखडणारी रखमी, बांधावर झोपलेला धाकलू, कोणी सुटलं नाही. लोक हसायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणायचे, आणि तरी चित्रात आपला पटका नीट आलाय का ते वाकून बघायचे. मास्तरला आणखी काय हवं होतं?

अडतीस सालच्या थंडीत हौसाबाईचा एकुलता लडकू तानशाच्या तलावाकडचं काम संपवून घरी आला. लग्न होऊन आठ महिने झालेले, त्यातले चार त्याने कामावर काढलेले. सकाळच्या उन्हात ओटीवर बसला होता. त्याचा चेहरा बघून मास्तरचे पाय थांबले. नेमकी त्या दिवशी पेन्सिल झिजून संपली होती. म्हणून त्याने दौत पुढे ठेवली, खिशात हात घातला आणि म्हणाला, "लडकू, बस जरा असाच. टाक काढतो."

मास्तरचा टाक म्हणजे दौतीत बुडवायची लोखंडी निबाची लेखणी. पण आत चुलीपाशी बसलेल्या हौसाबाईला लेखणी कुठली ठाऊक? तिच्या घरात टाक एकच, देव्हाऱ्यातला, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला पूर्वजांचा. टाक काढतात तो मेलेल्या माणसाचा. ती हातातलं टाकून बाहेर आली तर कागदावर तिच्या जित्या पोराचं तोंड. मास्तर ओटीवर आलेला पाहुणा, म्हणून ती गप्प राहिली. संध्याकाळी मीठमिरच्यांनी लडकूची दृष्ट मात्र काढली.

बाराव्या दिवशी लडकूला थंडी वाजून ताप भरला. तापाच्या चौथ्या दिवशी त्याला शहापूरला न्यायला डोली बांधली. ती अर्ध्या वाटेवरून परत आली.

तेराव्यानंतर हौसाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. मागे अख्खं गाव. "माझ्या जित्या पोराचा टाक काढलास रे मास्तरा! मी माझ्या कानांनी आयकलं!"

"टाक म्हणजे लेखणी हो, हौसाबाई! ही बघा, ही!" मास्तरने ती लेखणी दहा वेळा वर धरून दाखवली. पण पोर गेलेल्या आईला शब्दाचे अर्थ सांगून कोणाचं भलं झालंय? कोणालातरी आठवलं, धाकलूचंही चित्र काढलं होतं आणि त्याच वर्षी त्याचा बैल मेला. दुसऱ्याला दुसरं काही आठवलं. शेवटी एकच सूर निघाला, वह्या जाळा.

मास्तरने जाळल्या. कोणी हात धरून जाळायला लावल्या नाहीत, स्वतः उचलून आणल्या आणि शाळेपुढे पेटवल्या. घाबरला, हे खरंच आहे. पण त्याहून वाईट असं, की शिकलेला माणूस असून त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. आपण काढलं म्हणून तर नाही ना? नऊ वर्षांच्या सकाळी तासाभरात राख झाल्या. लडकूचं पानही त्यातच गेलं. त्यानंतर मास्तरने फळ्यावर साधा आंबासुद्धा काढला नाही. मुलांना म्हणायचा, पुस्तकात बघा.

तीन वर्षं अशी गेली. एके सकाळी मास्तर ओटीवर दात घासत होता, तेव्हा लडकूची बायको पारू कळशी घेऊन समोर येऊन थांबली. तीन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मास्तर, तुमी त्यांचं चित्र काढलं व्हतं ना? मला एकदा दाखवा."

मास्तरच्या तोंडातली राखुंडी कडू झाली. "पारू, ते जळलं गं. सगळ्यांसोबत जळलं. तू होतीस की तिथे."

"मला वाटलं, एखादं लपवलं असंल." तिने कळशी खाली ठेवली. "माघात माझा पाट लागायचा हाय. मुरबाडकडचा बिजवर हाय. दुसऱ्याचं घर केल्यावर यांचं नाव काढायचं नाय. जायच्या आदी एकदा तोंड बघायचं व्हतं."

"आठ महिने नांदलीस ना गं?"

"कवा बघणार मास्तर? दिवसा सासूसमोर मान खाली. रातचा दिवा नाय, राकेल कुठलं? गेले तवा तोंडावर कापड व्हतं." ती हे रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती बाजाराचा भाव सांगावा तशी सांगत होती. "मग परत काढा. हात हाय ना तुमचा?"

हात होता, पण तो हात राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर चुलीतला कोळसा घेऊन बसला. निबाला हात लावायची त्याची छाती नव्हती. पहिल्या दिवशी जे उमटलं ते माणसाचं तोंड आहे एवढंच कळत होतं. चौथ्या दिवशी जरा बरं आलं. पारूने ते निरखून बघितलं.

"असे होते का गं?"

"मला काय ठावं, मास्तर? मी बघितलं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

अवघ्या गावात ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते मास्तरची सावलीही चालवून घेत नव्हतं. पारू कागद घडी करून घेऊन गेली. सासूसमोर चुलीपाशी तो उलगडून ठेवला आणि मार खायच्या तयारीने बसली.

दुसऱ्या दिवशी येऊन तिने सांगितलं, "चुलीत घातला. पण घालायच्या आदी बघितला."

मास्तरने दुसरा दिला. तोही चुलीत गेला. तिसऱ्याला मात्र पारू निरोप घेऊन आली. "म्हंती, नाक असं नव्हतं. बापाचं नाक व्हतं, बसकं. आन मग जाळला."

तिथून ते सुरू झालं. मास्तरने पहाटे काढायचं, पारूने न्यायचं, हौसाबाईने एक चूक काढून चुलीत सारायचं. डोळे एवढे मोठे नव्हते. भुवईत वासराने मारल्याची खूण होती. हसायचा तेव्हा उजवीकडचा ओठ आधी उचलायचा. पौष अर्धा सरला. शाळेच्या रद्दी कागदांच्या पाठी संपल्या, तेव्हा मास्तरने आटगावच्या वाण्याकडून पुड्यांचे कागद आणले. त्याला भीती एकाच गोष्टीची होती, की माघ आधी येईल. हात आता रोज जरा जरा वळू लागला होता, आणि त्याचा आनंद व्हावा तर तो आनंद कशावर उभा आहे, हे आठवून त्याला लाज वाटायची.

पाटाला पाच दिवस उरले असताना कागद जळला नाही. सकाळी हौसाबाई स्वतः मास्तरच्या ओटीवर आली. मागे पारू. तीन वर्षांनी म्हातारी त्याच्या दारात उभी होती आणि हातातला कागद तिने छातीशी धरला होता.

"हाच," ती म्हणाली. "मास्तरा, हाच रं माझा लडकू." आणि मटकन खाली बसून ती रडायला लागली. कागदावर पाणी पडू नये म्हणून तो तिने एका हाताने लांब धरला होता. मास्तर खांबाला टेकून उभा राहिला. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही.

मग हौसाबाईने डोळे पुसले आणि कागद सुनेपुढे केला. "बघ गो पारू. मान वर करून बघ. आता मी काय बोलत नाय."

पारूने बघितलं. खूप वेळ बघितलं. बसकं नाक, भुवईतली खूण, उचललेला ओठ. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होता. तिथे काहीच हललं नाही.

"मी वळखत नाय यांना," ती हळूच म्हणाली. "आत्या म्हंतात तर आसंल. पन मला कोन परका मानूस वाटतो."

 हौसाबाईने कागद परत छातीशी घेतला. पारू तशीच बसली होती, खाली जमिनीकडे बघत. मग एकदम म्हणाली, "मास्तर, पाय काढाल त्यांचं?"

मास्तर गडबडला. नऊ वर्षांत त्याने माणसांची शेकडो तोंडं काढली होती आणि पाय नेहमी कागदाच्या खाली राहून गेले होते. लडकूचे पाय त्याला आठवत नव्हते. पण पारूला आठवत होते. ती सांगत गेली, एकदाही न अडखळता. बोटं फाकलेली. भाताच्या आवणीत चिखलाने सडलेली बेचकी. उजव्या अंगठ्याचं नख कोयत्याने मधोमध चिरलेलं, ते पुन्हा जुळलंच नव्हतं. डाव्या घोट्यावर काळा दोरा. टाचेच्या भेगा कुठून कुठे जात होत्या, तेसुद्धा तिने बोटाने कागदावर दाखवलं. सासू ऐकत होती, तिच्यासाठीही हे सगळं नवीन होतं. "नख कदी चिरलं गो त्याचं?" तिने विचारलं. "मला कसं नाय कळलं?"

 मास्तरने शेवटची भेग ओढून हात उचलला, तेव्हा पारूने कागद जमिनीवर ठेवला, पाटावर जेवायला बसलेल्याचे पाय असतात तसा. त्यावर वाकली आणि ओरडून रडली. तीन वर्षं तिने ते रडणं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. हौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शाळेची मुलं येऊन अंगणात उभी होती. मास्तरने त्यांना हातानेच घरी पाठवलं.

बऱ्याच वेळाने पारूने कागदाची घडी घातली. हौसाबाई काळजीने म्हणाली, "तिकडं नेऊ नको गो. नव्या घरात पयल्याचं चित्र चालायचं नाय."

"तोंडाचं नाय चालणार, आत्या," पारू म्हणाली. "ते तुमी ठेवा. पायावरनं कोन वळखतंय?"