पहिला ठोका जोरात

तुर्लाइव्हला मेंदूचा झटका आला आणि त्याची वाचाच गेली. भूक शाबूत, राग तर दुप्पट, पण तोंडातून निघायचं नुसतं "ब... ब...". त्याच्या बायकोला, बोर्गहिल्डला, दुसरं काही नको होतं. एकदा आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकायचं, बस्स! पूर्वी तो ऊठसूट हाका मारायचा तेव्हा हीच बया कावायची. आता तिचा जीव नुसता तळमळायचा.

इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं, शब्द तोडा आणि टेबलावर ठोके देत म्हणा. आमच्या नॉर्वेत शब्दाला शब्द जोडून लांबलचक शब्द करायची भारी हौस. जोर पहिल्या तुकड्यावर, पुढचा हलक्या हातानं. मग काय, रोज दुपारी कॉफी झाली की टेबलावर मुठी आपटणं सुरू.

"का-फे-कोप. हा काय, कॉफीचा कप! पहिला ठोका जोरात, अरे! बोटीवर पोरांवर खेकसायचास, तसा."

"का... का..."

"अगंबाई, कावळाच झाला की आमचा दादा!" वाफलवर तपकिरी चीज ठेवत नणंद ओड्नी म्हणाली. "बोर्गहिल्ड, सोड त्याला. कशाला छळतेस?"

"तू गप खा."

शेवटचा शब्द रोज एकच असायचा. "बोर्ग-हिल्ड. म्हण." तो ओठ जुळवायचा, घामाघूम व्हायचा आणि तोंड फिरवायचा. ती कप विसळायला उठायची, म्हणजे डोळे पुसायला.

त्या दुपारीही तसंच झालं. ती उठणार तोच त्यानं स्वतःच मूठ आपटली. एकदा जोरात, एकदा हलकी.

"गुन-वोर."

स्वच्छ! जोर बरोब्बर जिथे हवा तिथे.

ओड्नीचा घास तोंडातच राहिला. गुनवोर म्हणजे त्याची पहिली बायको. बोर्गहिल्ड या घरात येण्याआधीच वारलेली.

बोर्गहिल्ड कप घेऊन ताडकन उठली. मी रात्रंदिवस राबायचं आणि नाव तिचं? कप भिंतीवर फोडावा असं वाटलं तिला. पण तुर्लाइव्ह तिच्याकडेच बघत होता. हसत होता, रडत होता, शब्द आला म्हणून हरखून गेला होता. कुणाचं नाव आलं हे त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.

कप खाली ठेवून ती परत खुर्चीत बसली. मूठ उचलली.

"शाब्बास रे! पुन्हा म्हण," ती म्हणाली. आणि त्याच्या ठोक्याला ठोका देत तिनंही ते नाव घेतलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.