मूळ स्थितीतला फ्लॅट

आमचा फ्लॅट आमचा आहे, पण कायमचा नाही. जमीन आणि इमारत मालकाची. आम्ही फ्लॅट घेतला तो लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. घेतला तेव्हा मुदत इतकी लांब होती, की ती कधी सरेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पण वर्षं आपल्याला विचारून थोडीच जातात? मुदत संपली की फ्लॅट मालकाकडे परत, आणि वाढवून घ्यायची तर मालकाला रक्कम मोजायची; जितका उशीर तितकी ती फुगणार. आमच्या वकीलबाईंनी हे समजावलं त्या दिवशी बायको नीट जेवली नाही. रक्कम झेपली नाही तर फ्लॅट येईल त्या किमतीला विकून मुलाकडे राहायला जायचं, असं ठरलं. मुलगा गुणी आहे, सून त्याहून गुणी. पण बायको म्हणते, पाहुणी म्हणून गेलेलं बरं, मुक्कामाला नको.

फ्लॅटची किंमत ठरवायला मालकाकडून व्हॅल्युअर येणार असं कळल्यावर मी डोकं चालवलं. मी ग्रंथालयात कारकून होतो; जन्मभर फुकट वाचलं की अशी हुशारी अंगात येते. घर जितकं भिकार दिसेल तितकी रक्कम कमी, हा माझा हिशेब. मी पडदे उतरवले, चांगला दिवा काढून नुसता बल्ब लावला, टाकाऊ चपला दारात पसरल्या आणि भाजी आणायला गेलो.

परत येतो तो पडदे इस्त्री करून जागेवर, चपला गायब, आणि कहर म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला रंगाचा ताजा हात.

"अगं, हे काय करून ठेवलंस? रक्कम वाढेल ना."

"वाढू दे. परकं माणूस घरात येणार आणि मी त्याला उकिरडा दाखवू?"

"तुला इथेच राहायचंय ना?"

"राहायचंय म्हणूनच आवरलं."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. बायको रंगाच्या दुकानात रंग कालवून द्यायची. गिऱ्हाइकाने नाकारलेले डबे स्वस्तात घरी आणायची, म्हणून आमच्या प्रत्येक खोलीला कुणा ना कुणाला न आवडलेला रंग आहे. भिंती तिने रंगवल्या, कपाटं तिने ठोकली, न्हाणीघरातल्या फरश्या गवंड्याचं काम बघून बघून तिनेच बसवल्या. मी शिडी धरायचो.

व्हॅल्युअर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली. आल्या आल्या तिच्या बाहीला दाराचा ओला रंग लागला. बायकोने तो पुसून दिला आणि त्या निमित्ताने तिचा ताबाच घेतला. "ही फरशी मी बसवलीय. हे कपाटही माझंच. या खिडकीखाली ओल यायची, ती मी बंद केली." मी मागून गप्प राहायच्या खुणा करत होतो. ती मुलगी प्रत्येक गोष्ट लिहून घेत होती आणि दर वेळी मी मनातल्या मनात रक्कम वाढवत होतो.

शेवटी मुलीने मापाची टेप गुंडाळली. "काकू, सगळं सांगितलंत ते बरं झालं. तुम्ही स्वतः केलेल्या सुधारणा रकमेत धरायच्या नसतात. फ्लॅट मूळ स्थितीत कसा होता, तेवढंच बघायचं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बायकोचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे एवढं सगळं शून्य?"

"रक्कम कमी होईल, काकू."

"ते कळलं मला," बायको म्हणाली.

रक्कम आली ती आवाक्यातली. घर वाचलं. त्या रात्री बायको गाढ झोपली, सकाळी गुणगुणत उठली, आणि मग तिने व्हॅल्युअरचा अहवाल वाचायला घेतला. त्यात लिहिलं होतं, 'मूळ स्थिती: साधारण'. पुढचे कितीतरी दिवस ती भांडी घासताना मधेच म्हणायची, "साधारण." मी आधी हसलो. मग मला वाईट वाटायला लागलं. हिशेब बरोबर होता, फायदाही आमचाच होता, पण तिचे कष्ट कुठेच धरले गेले नव्हते. मी एकटाच वकीलबाईंकडे जाऊन आलो.

सह्यांच्या दिवशी वकीलबाईंनी नवा करार वाचून दाखवला. नाव आलं तिथे बायकोने त्यांना थांबवलं. पट्टा आजवर माझ्या एकट्याच्या नावावर होता.

"यांचं नाव राहिलं. नुसतं माझंच आहे."

"त्यांनीच तसं करायला सांगितलं," वकीलबाई म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "केलं सगळं तू," मी म्हणालो. "कुठेतरी धरायला नको?"

ती वकीलबाईंकडे वळली. "म्हणजे आता यांना तिथे राहायचं तर मला विचारावं लागेल?"

"कागदाप्रमाणे, हो."

तिने पेन उचललं आणि ओल आलेली भिंत न्याहाळावी तसं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खरं सांगतो, मी शर्टाची कॉलर सारखी केली.

"राहू देत," ती म्हणाली, आणि तिने सही केली.